विस्तवाची काटकसर



चैत्र-वैशाखाचे दिवस, डोक्यावर पंखे फिरत आहेत, आणि आम्ही मात्र थंडीतील उबेच्या खर्चाची गोष्ट काढीत आहोत, हे कित्येकांस विपरीत वाटेल. परंतु पावसाळ्यासाठी घर जसे उन्हाळ्यातच शाकारून घ्यावे लागते, तशी हिवाळ्याच्या खर्चाची तजवीजही हिवाळ्यापूर्वीच केलेली बरी. शिवाय डिसेंबरच्या पहाटे या विषयावर व्याख्यान ठेवले असते, तर पांघरूण टाकून ते ऐकावयास कोण आले असते, हाही प्रश्नच आहे.

थंड मुलुखांत घरे तापवावी लागतात. तेथे हिवाळा आला की कोळशाचे, तेलाचे किंवा गॅसचे बिल हा कुटुंबाच्या जमाखर्चातील मोठा आकडा होऊन बसतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या टापूत घर तापविण्याची वेळ येत नाही. बदलापुराकडे एखाद्या पहाटे पारा १२ अंशांच्याही खाली उतरतो. पण सूर्य वर आला की स्वेटर खुंटीवर जातो. आपला उबेचा खर्च होतो तो आंघोळीच्या पाण्यावर आणि स्वयंपाकावर. तेव्हा आपल्याकडील उबेच्या काटकसरीचा इतिहास म्हणजे चुलीचा, बंबाचा आणि शेगडीचा इतिहास होय. हा इतिहास राजांच्या बखरींत सापडावयाचा नाही. परंतु आपल्या या तीन गावांची नावे त्यात ठळकपणे येतात. बदलापूरच्या बाजूचे जंगल, अंबरनाथची काडेपेटी आणि उल्हासनगरच्या बरॅकी, या क्रमाने आपण तो पाहू. पाहताना एक प्रश्न मात्र सतत जवळ ठेवू: घरात इंधन वाचले असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्या बचतीची किंमत नेमकी कोणी भरलेली असते?

प्रथम घराच्या आतील थंडीचा विचार करू. इ. स. १७९६ च्या सुमारास काउंट रमफर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने इंग्लंडातील घरांतल्या शेकोट्यांवर एक निबंध लिहिला. जळत्या लाकडा-कोळशाची बहुतेक ऊब धुराड्यावाटे आकाशात निघून जाते आणि खोलीत माणसे कुडकुडत बसतात, हे त्याने दाखवून दिले आणि शेकोट्यांची बांधणी सुधारली. आपल्या आजीबाईंनी हा निबंध वाचलेला नव्हता. परंतु खोली तापविण्यापेक्षा अंगाची ऊब अंगाजवळ धरून ठेवणे स्वस्त पडते, हे तिला पक्के ठाऊक होते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून शिवलेली गोधडी म्हणजे हेच शास्त्र. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही, आणि या साधनाला कोणतेही इंधन लागत नाही. दुपारी गोधड्या उन्हात टाकाव्या, संध्याकाळी वारा सुटण्यापूर्वी खिडक्या लावून घ्याव्या, जमिनीवर झोपणाऱ्याने खाली चटई आणि तिच्यावर वाकळ घालावी, एवढ्या सवयींवर आपल्या पिढ्यान् पिढ्यांनी हिवाळे काढले.

मराठी घरात खोली मुद्दाम तापविण्याचा एकच प्रसंग येत असे, तो बाळंतिणीच्या खोलीचा. बाजेखाली कोळशाची शेगडी, दारेखिडक्या बंद, वर ओव्याची धुरी. यामागे माया होती यात शंका नाही. पण धोकाही मोठा होता. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साचला की माणसाला गुंगी येते आणि झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. म्हणून आज कोणाच्या घरी ही प्रथा असेल, तर तेथे आमचे एवढेच सांगणे आहे की शेगडी बाहेर ठेवावी, कापड बाहेर गरम करून आणावे आणि शेक द्यावा. जिवावर बेतणारी ऊब स्वस्त कधीच म्हणता येणार नाही.

आता जंगलाकडे वळू. रेल्वे १८५४ साली ठाण्याहून कल्याणला पोचली आणि १८५६ साली कल्याणहून बदलापूरवरून पळसदरीच्या बाजूला गेली. ठाणे जिल्ह्यातील जंगलांतून मुंबईला जळाऊ लाकूड पूर्वीपासून खाडीतील होड्यांनी जात होते; आता त्याला लोखंडी रस्ता मिळाला. मुंबई वाढत होती आणि तिच्या चुली या डोंगरांवर जळत होत्या. पुढे १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगले ठरली. ज्या रानातून गावकरी सरपण आणीत आणि भाताच्या राबासाठी फांद्या तोडीत, त्या रानात पाऊल टाकणे हा अपराध होऊ लागला. तक्रारी इतक्या वाढल्या की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांसाठी सरकारला १८८५ साली एक कमिशन नेमावे लागले.

या सर्व व्यवहारात तळाशी होता तो कातकरी. खैराच्या लाकडापासून काथ काढणारा म्हणून त्याला काथोडी म्हणत. जंगल हातचे गेल्यावर यांतील अनेक कुटुंबे ठेकेदारांच्या कोळशाच्या भट्ट्यांवर राबू लागली. लाकडे रचून, वर पाला आणि माती लिंपून, अनेक दिवस धुमसत ठेवली की कोळसा तयार होतो. शहरातील गृहिणीला हा कोळसा फार सोयीचा. धूर कमी, आच एकसारखी. परंतु मातीच्या भट्टीत पाच मण लाकूड घातले तर हाती येतो सुमारे एक मण कोळसा. कोळशाची धग लाकडाच्या जवळजवळ दुप्पट धरली, तरी मूळ लाकडातील निम्म्याहून अधिक ऊब भट्टीतच संपलेली असते. म्हणजे शहरातील स्वयंपाकघरात जी बचत दिसे, तिचा खर्च रानात आणि भट्टीजवळ धुरात उभ्या असलेल्या माणसाच्या नावावर पडत होता. आमच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर.

ज्यांना लाकूडच जाळावयाचे होते, त्यांनी चुलीत सुधारणा केल्या. चुलीच्या बाजूला वैल असतो. मुख्य तोंडावर भात शिजत असताना मागे जाणारी आच वैलावरच्या भांड्याला लागते. तेथे दूध तापे, आमटी गरम राही, किंवा हातपाय धुण्याचे पाणी कोमट होई. एका लाकडाकडून दोन कामे करून घेणारी ही मांडणी कोणी पहिल्याने काढली त्याचे नाव इतिहासाला माहीत नाही. तीच गोष्ट बंबाची. तांब्याच्या बंबात मधोमध नळी असते. तिच्यात ढलप्या आणि काटक्या पेटतात आणि चारी बाजूंनी पाणी असते. उघड्या चुलीवरील हंड्याला फक्त बुडाखालून आच लागते आणि बाकीची बाजूने पळते. बंबात ती पाण्यामधूनच वर जाते. म्हणून अंगणातल्या कचऱ्यावरसुद्धा घरादाराच्या आंघोळी होत.

यानंतर विस्तव राखण्याची गोष्ट. रात्री जेवणे आटोपली की दोन-चार चांगले निखारे राखेत पुरून ठेवीत. राखेमुळे हवा बेताची मिळे आणि निखारा पहाटेपर्यंत जिवंत राही. पहाटे राख बाजूला सारून, वर शेणीचा तुकडा ठेवून फुंकणीने फुंकले की चूल पेटली. एखाद्या घरचा विस्तव विझलाच, तर मूल पळी घेऊन शेजारी जाई आणि निखारा मागून आणी. ही देवघेव इतकी नित्याची होती की भाषेत तिचा ठसा राहिला आहे. दोन घरांचे अत्यंत वाकडे असले की त्यांच्यात विस्तव जात नाही असे आपण आजही म्हणतो. भांडण इतके विकोपाला गेले की निखारासुद्धा मागता येत नाही, हा त्याचा अर्थ. ज्यांनी कधी चूल पाहिली नाही, त्यांच्या तोंडीही हा वाक्प्रचार आहे.

हा निखारा मागण्याचा काळ ज्या वस्तूने संपविला, तिचा कारखाना आपल्या अंबरनाथला उभा राहिला. सुरक्षित काडेपेटी ही मूळची स्वीडनची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे तिचा शोध लागला आणि थोड्याच वर्षांत ती जगभर गेली. हिंदुस्थानात ती परदेशांतून येत असे. १९२२ साली सरकारने परदेशी काडेपेट्यांवरील जकात एका ग्रोसला, म्हणजे बारा डझनांना, दीड रुपया इतकी वाढविली. तेव्हा स्वीडिश कंपनीने माल पाठविण्याऐवजी येथेच कारखाने काढण्याचे ठरविले. १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापन झाली आणि त्याच दशकात अंबरनाथला तिचा कारखाना सुरू झाला. विम्को हे तिचे आखूड नाव गावाच्या एका नाक्याला कायमचे चिकटले. पुढे १९३४ साली देशात होणाऱ्या काडेपेट्यांवरही अबकारी कर बसला. कर बसला तो कारखान्यावर. पण तो अखेर फेडला चुलीपुढे बसणाऱ्या बाईने, एकेक काडी मोजून. एका काडीत देवाचा दिवा, चूल आणि कंदील अशी तिन्ही कामे करणारी माणसे आमच्या लहानपणी आम्ही पाहिली आहेत. काडेपेटीने निखारा राखण्याचे कष्ट वाचविले हे खरे. पण काडी एका क्षणात पेटते म्हणून चूलही वेळी-अवेळी पेटू लागली, हेही खरे. पूर्वी पेटलेल्या चुलीवर सर्व कामे ओळीने उरकीत. आता प्रत्येक कामाला वेगळी आच होऊ लागली.

उल्हासनगरची कथा यापेक्षा वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी छावणी उभारली होती. सुमारे २,१०० बरॅकी, मधे लांबच लांब दालने आणि टोकांना खोल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या बरॅकींत जागा दिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्याचे नाव उल्हासनगर पडले. कागदोपत्री नाव बदलले तरी कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर चार ही भाषा आजही चालू आहे.

सैनिकांसाठी बांधलेल्या दालनात स्वयंपाकघर कोठून असणार? पडदे लावून एकेका दालनात अनेक कुटुंबे राहिली. पडद्याने संसार वेगळे झाले. धूर मात्र सर्वांचा एकच राहिला. घरदार, शेतीवाडी मागे टाकून आलेल्या या बायांना सरपणाचे रान नव्हते आणि गोवऱ्यांसाठी गोठा नव्हता. जे इंधन असेल ते विकतच घ्यावयाचे. तेव्हा पालक, डाळ आणि भाज्या एकाच भांड्यात एकत्र शिजविणारी त्यांची साई भाजी ही चवीबरोबर इंधनाच्या दृष्टीनेही किती शहाणपणाची होती हे लक्षात येते. पापड, लोणची यांचा जो घरगुती धंदा या वस्तीत वाढला, त्यातही मोठे काम ऊन करीत होते. उन्हाला वखारीचे बिल नाही.

गिरणीकामगारांच्या चाळींत आणि अशाच दाट वस्त्यांत त्या काळी भुशाची शेगडी दिसे. डब्याच्या मध्यभागी बाटली उभी करून भोवती लाकडाचा कोरडा भुसा ठासून भरीत, आणि बाटली हलक्या हाताने काढून घेत. मधल्या पोकळीतून आच वर येई आणि भुसा तासन् तास जळत राही. कोळशाची वाया जाणारी भुकटी शेणात कालवून तिचे गोळे करणे हीदेखील तीच बुद्धी. कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली तयार केलेला इकमिक कुकर ज्यांना परवडला, त्यांच्या घरी खाली मूठभर कोळसे आणि वर एकावर एक डबे ठेवून सारा स्वयंपाक होऊ लागला. यानंतर रॉकेलचा स्टोव्ह आला. हवा भरण्याचा हा स्टोव्ह १८९२ साली स्वीडनमध्येच निघाला होता. त्याने धूर घालविला आणि वेळ वाचविला. परंतु त्याबरोबर पंप, पिन आणि भडक्याची भीती आणली. स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली, ही बातमी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे येत राहिली. त्यांतील कित्येक भडके स्टोव्हच्या दोषाने उडालेले नव्हते, हे आपल्या समाजाला फार उशिरा मान्य करावे लागले.

चुलीच्या धुराविषयी विचार करणारी माणसे आपल्याकडे होती. वर्ध्याच्या मगनवाडीत, जेथे जे. सी. कुमारप्पा यांचे ग्रामोद्योगाचे काम चाले, तेथे १९४० च्या दशकात मगन चूल तयार झाली. एका आचेवर अनेक भांडी आणि धूर घराबाहेर नेणारे धुराडे, ही तिची रचना. पण घराघरांत ती जितकी जावयास हवी होती तितकी गेली नाही. सरपण स्त्रीने आणावयाचे, धूर स्त्रीने गिळावयाचा. धुराड्याचा खर्च मात्र पुरुषाच्या खिशातून जावयाचा. तेव्हा तो अनावश्यक वाटला यात नवल नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की घरातील इंधनाच्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मरण पावली. चुलीतून निघालेली ही झीज कोणत्याच घराच्या जमाखर्चात लिहिलेली नव्हती. आमच्या प्रश्नाचे हे दुसरे उत्तर.

परंतु स्त्रिया नेहमीच मुकाट राहिल्या असे नाही. १९७२ च्या दुष्काळी महागाईत मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या नेतृत्वाखाली हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. धान्य, तेल, साखर यांच्याबरोबर रॉकेल हाही त्यांच्या मागणीचा विषय होता. पुढच्याच वर्षी, १९७३ च्या अखेरीस, अरब-इस्रायल युद्धानंतर जगात खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले. तेव्हा कोठे सरकारला घरगुती काटकसर हा राष्ट्रीय प्रश्न वाटू लागला. १९७७ साली इंडियन ऑइलच्या संशोधकांनी कमी रॉकेल खाणारा नूतन नावाचा वातीचा स्टोव्ह काढला, आणि १९७८ साली इंधनबचतीच्या प्रचारासाठी पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. झाकण ठेवा, डाळ भिजवा, आच मंद करा, कुकर वापरा, असे सांगणारी तिची पत्रके अनेकांनी वाचली असतील. त्यांतील बरेचसे आपल्या आजीला ठाऊकच होते. फरक एवढाच की आता ते छापून आले.

आता आजचा हिशेब मांडू. घरोघरी सिलिंडर आहे, काही भागांत नळाचा गॅस आला आहे आणि गीझरही आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक गरीब घरांतही जोडणी गेली. मात्र पुढचे सिलिंडर भरून घेणे जेथे परवडत नाही, तेथे मोळी पुन्हा घरात येते. म्हणून काटकसर ही केवळ मध्यमवर्गाची हौस नव्हे.

पंधरा लिटरची एक बादली पाणी २२ अंशांपासून ४० अंशांपर्यंत तापविण्यास २७० किलोकॅलरी उष्णता लागते. उघड्या शेगडीवर थोडी ऊब वाया जाणारच. ती धरून यासाठी सुमारे ४० ग्रॅम गॅस जळतो. चार माणसांच्या चार बादल्या म्हटल्या तर महिन्याला सुमारे ५ किलो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा तिसरा हिस्सा! विजेवर तापविले तर तीन बादल्यांस जवळजवळ एक युनिट पडते. आता दुसरा आकडा पाहा. एक लिटर उकळते पाणी वाफ होऊन उडून जाते, तेव्हा ते ५४० किलोकॅलरी घेऊन जाते. म्हणजे झाकण न ठेवता खळखळ उकळत ठेवलेल्या भांड्यातून जी वाफ जाते, तिच्यातील प्रत्येक लिटरमागे दोन बादल्या आंघोळीचे पाणी गेले. आणि खळखळून उकळल्याने भात लवकर शिजतो असेही नाही. पाणी शंभर अंशांच्या वर जातच नाही. त्या अंशांच्या वर जावयाचे तर कुकरच पाहिजे.

यावरून सवयी आपोआप ठरतात. पाणी कढत करून मग त्यात भरपूर विसण घालण्यापेक्षा लागेल तेवढेच, लागेल तितकेच तापवावे. कारण जितके जास्त तापवावे तितकी त्याची ऊब वाटेतच अधिक पळते. बादली पंधराऐवजी बारा लिटरची केली, तर चार माणसांच्या घरात महिन्याला एक किलो गॅस वाचतो. डाळ-कडधान्य भिजवून घ्यावे, उकळी आली की आच उतरवावी, भांड्याचे बूड आणि बर्नरची भोके स्वच्छ ठेवावी. युरोपातील गृहिणी महायुद्धांच्या टंचाईत उकळलेले भांडे गवत भरलेल्या पेटीत ठेवून अन्न शिजू देत. आपणही उकळी आलेला भात झाकून जाड कापडात गुंडाळला, तर उरलेले शिजणे त्याच्याच उबेवर होते.

या यादीत एक सवय आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली आहे. घरातील सर्वांनी एकामागून एक आंघोळी उरकाव्या. एकदा तापलेले पाणी निवू द्यावयाचे आणि उशिरा उठणाऱ्यासाठी पुन्हा तापवावयाचे, यात जितका गॅस जातो तितका दुसऱ्या कशातही जात नसेल. पण ही सवय एकट्या गृहिणीने लावून घेता येत नाही. तिच्यासाठी मुलाने, नवऱ्याने आणि सासऱ्यानेही अंथरूण वेळेवर सोडावे लागते. आमच्या मते इतिहासाचा निवाडा येथेच लागतो. आजवर या देशात इंधनाची बचत पुष्कळ झाली. परंतु ती बहुतांशी झाली कातकऱ्याच्या घामातून आणि गृहिणीच्या श्वासातून. जी बचत एकाच माणसाच्या अंगावर पडते ती घराची बचत नव्हे, तो त्या माणसावर बसविलेला कर होय. घराची बचत म्हणावयाची तर तिचे कष्ट घरातील सर्वांत वाटले गेले पाहिजेत.

येत्या डिसेंबरात थंडी पडेल. त्या पहाटे ज्याच्या पाण्यासाठी कोणालाही दुसऱ्यांदा शेगडी पेटवावी लागली नाही, त्याला आमचे आजचे सांगणे कळले, असे आम्ही समजू.